अकरा सोडून बाकी कबूल

पहिल्या दिवशी काकांनी मला खोली दाखवली नाही, मोजून दाखवली.

टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं घेऊन ते खिडकीपाशी गेले आणि तिथून ओरडले, "दहा फूट चार इंच! गिलावा धरून. गिलावा सोडून पायजे का?"

मी नको म्हटलं. पुणतांब्याहून मी नगरला वकिली करायला आले होते. सोबत एक सुटकेस, एक गादी आणि नवाकोरा काळा कोट. नगरला लागून असलेल्या केडगावातलं हे घर एका मैत्रिणीने सुचवलं होतं. खाली रस्त्याला लागून काकांचं दुकान, दुकानामागे काका-काकूंचं बिऱ्हाड आणि वर ही खोली. मी सहज विचारलं, "काका, इथून कोर्टात जायला साधारण किती वेळ लागतो?"

काकांनी टेप सर्रकन आत ओढली. "साधारण?" ते म्हणाले. "हे गाव कुठल्या तालुक्यात येतं?"

पुढची तीन वर्षं मी हा प्रश्न ऐकला. त्यांच्यासमोर साधारण, अंदाजे, जवळपास, थोडंफार असले शब्द काढायची सोय नव्हती. दूधवाला "आज थोडं कमी हाय" म्हणाला की काका माप घेऊन बाहेर यायचे. कुणी "जरा वेळाने येतो" म्हटलं की "किती वाजता?" विचारायचे, आणि तो माणूस त्या वेळेला आला नाही तर त्याला काही झालं तर नसेल ना म्हणून खरोखर काळजीत पडायचे. सकाळी मी जिना उतरले की दुकानातून आवाज यायचा, "वकील, आज सतरा पायऱ्या नऊ सेकंदात! काल चौदा लागली हुती. आज केस हाय वाटतं!"

"नाही काका, बस चुकेल म्हणून."

केस नसायचीच. मी ज्यांच्याकडे उमेदवारी करत होते ते ज्येष्ठ वकील मला फक्त तारखा मागायला पाठवायचे. दोन वर्षांत मी कोर्टात एकच वाक्य बोलले होते, "साहेब, पुढची तारीख मिळावी." तरी काका मला पहिल्या दिवसापासून 'वकील' म्हणत, आणि गिऱ्हाइकांना सांगत, "वर आमच्या वकील राहत्यात. आवाज कमी."

दुकानावर पाटी होती : 'येथे काटे खरे करून मिळतील'. नव्या माणसाला वाटायचं वजनकाट्याचं दुकान असेल. काका दुरुस्त करायचे ते गाड्यांचे मीटर, म्हणजे वेग दाखवणारे काटे. स्कूटर, मोटारसायकल, ट्रॅक्टर, जीप, काहीही. आत तिन्ही भिंतींवर वेगवेगळ्या गाड्यांचे मीटर टांगलेले, सगळ्यांचे काटे शून्यावर. मधे स्टुलावर काका. सडपातळ, सदुसष्ट वर्षांचे, कपाळावर सरकवलेलं भिंग. ते भिंग ते जेवतानाही काढायला विसरत. नव्या गाड्यांना काटेच नसतात, नुसते आकडे उजळतात, त्यामुळे काम कमी झालं होतं. पण जुनी गाडी जपणारी माणसं पार मिरजगाव-जामखेडहून त्यांच्याकडे यायची. काकांनी हात लावलेला काटा खोटं बोलत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

या ख्यातीपायी त्यांनी एक वैरीही मिळवला होता. जुन्या गाड्या विकणारा गावातलाच एक दलाल. तो एकदा जीपचा मीटर घेऊन आला. मीटरवर एक लाख बारा हजार किलोमीटर झालेले.

"काका, हे बेचाळीस हजार करून द्या," तो म्हणाला.

"का? गाडी चोरून चालवली का काय?"

"तसं न्हाई. गिऱ्हाईक बिचकतं हो."

"मंग चालल्याची लाज कशापायी? गाडी हाय. चालनार." काकांनी मीटर हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "बरं, ठिवून जा."

दुसऱ्या दिवशी दलाल आला तर मीटर झगझगीत पुसलेला, काच नवी, काट्याला नवा लाल रंग. आकडा एक लाख बारा हजारच. आणि आकड्याखाली, काचेच्या आत, पांढऱ्या रंगात मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलेलं : 'हा आकडा खरा आहे.' खाली काकांची सही. दलाल अर्धा तास दुकानासमोर ओरडत होता. (एकतीस मिनिटं, काकांनी मला संध्याकाळी सांगितलं.) तेवढा वेळ काका दुसऱ्या एका मीटरमधली धूळ फुंकत बसले होते.

काकांची स्वतःची स्कूटर जुनी, निळी, आणि तिच्यावर ते ताशी चाळीसच्या वर कधी गेले नव्हते. "तिला चाळीस आवडतं," ते सांगत. पुणे रोडवर काका-काकू निघाले की मागे रांग लागायची. गवताचा भारा घेतलेला ट्रॅक्टर त्यांना मागे टाकायचा. एकदा एक सायकलवाला पुढे गेला आणि जाताना "काका, पंक्चर हाय का?" विचारून गेला. काकू मागे बसायच्या हेल्मेट घालून, मांडीवर पिशवी घेऊन, आणि नगरच्या बाजारातून आणलेली मेथी वाटेतच निवडायच्या. "जुडी संपती पन केडगाव येत न्हाई," त्या म्हणायच्या. काकू ठेंगण्या, गोल, आणि हसायला लागल्या की आधी खांदे हलायचे, मग आवाज यायचा.

अशा माणसाला एका बुधवारी मोबाईलवर वेग मर्यादेचं उल्लंघन केल्याचं चलन आलं.

मी कोर्टातून परतले तर काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेले. मोबाईल दोन्ही हातांनी धरलेला, भिंग डोळ्यावर ओढलेलं.

"वकील, हे वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. मिरजगावच्या अलीकडे, मर्यादा ताशी साठ, वाहनाचा वेग ताशी एकोणऐंशी. सोबत फोटो. धुरकट होता, पण स्कूटर निळी होती, नंबर त्यांचाच होता, आणि पुढे वाकलेले काकाच होते. मागे काकू, आणि काकूंचा उजवा हात सरळ वर हवेत.

मला हसू आवरेना. "काका, दुसऱ्याच्या गाडीचं तुमच्या नावावर आलंय. तुम्ही आणि एकोणऐंशी? आपण तक्रार करू, दोन मिनिटांत रद्द होईल."

"गाडी आमचीच हाय."

"पण वेग?"

"साठच्या वर गेल्तो." काका खाली बघत म्हणाले. "अडुसष्ट हुतं. एकोनऐंशी न्हवतं."

चाळीसचा माणूस अडुसष्टवर गेला कसा? मी विचारलंही. "ते खटल्यात येत न्हाई," काका म्हणाले. आत स्वयंपाकघरात काहीतरी आपटलं. मी डोकावले तर काकू ओट्याला धरून उभ्या आणि त्यांचे खांदे गदागदा हलत होते.

"काकू, फोटोत तुमचा हात वर का आहे?"

"माशी आली आसंल," काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

मी काकांना कायदा समजावला. साठच्या वर गेलं की दंड ठरलेला. अडुसष्ट असो, एकोणऐंशी असो, एकच. भरून टाका, विषय संपला.

"दंड भरनारच की," काका म्हणाले. "कोन न्हाई म्हनतंय? मला आकडा खरा करून पायजे."

मी ही गोष्ट वेडेपणा म्हणून सोडून दिली असती, पण चार दिवसांत प्रकरण चिघळलं. जुन्या गाड्यांच्या त्या दलालाला चलनाचा सुगावा लागला. काकांनीच चहाच्या टपरीवर विचारणाऱ्याला सगळं खरं सांगितलं होतं. दलालाने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं : 'काटे खरे करणाऱ्याचाच काटा अकराने खोटा!' खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. दुसऱ्या दिवशी एक ट्रॅक्टरवाला येऊन आपला दुरुस्तीला दिलेला मीटर मुकाट्याने परत घेऊन गेला.

काकांनी त्या दुपारी शटर खाली ओढलं.

"ज्याचा स्वतःचा काटा संशयात हाय," त्यांनी मला सांगितलं, "त्यानं दुसऱ्याच्या काट्याला हात लावायचा न्हाई. निकाल लागेस्तवर काम बंद."

तेव्हा मला कळलं की हे गमतीचं राहिलेलं नाही. माणूस सकाळी उठून आंघोळ करून, भिंग कपाळावर चढवून, बंद शटरच्या आत स्टुलावर नुसता बसून राहायचा. जिना उतरताना आवाज येईना. एका सकाळी मी मुद्दाम धडधडत उतरले. काही नाही. मी त्याच दिवशी वकीलपत्रावर त्यांची सही घेतली.

आधी ऑनलाइन तक्रार केली, ती फेटाळली गेली. मग लोकअदालतीची नोटीस आली. तिथे प्रकरणं समजुतीने मिटवतात. टेबलामागचे गृहस्थ दमलेले होते, रांग मोठी होती. त्यांनी काकांकडे न बघताच सांगितलं, "बाबा, निम्म्यात मिटवून टाका."

"निम्मं म्हंजे साडेएकोनचाळीस," काका म्हणाले. "तेवढ्यानं तर मी गेलोच न्हवतो."

गृहस्थांनी मान वर केली. मग माझ्याकडे पाहिलं. मी कोट नीट केला आणि म्हणाले, "माझ्या अशिलाला तडजोड मान्य नाही." रांगेतली माणसं पुढे वाकून बघायला लागली. असं प्रकरण मिरजगाव ज्या तालुक्यात येतं तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जाऊन उभं राहिलं, आणि माझ्या आयुष्यातला पहिला खटला माझ्या नावावर लागला. माझ्या ज्येष्ठ वकिलांनी कागद पाहिले आणि एवढंच म्हणाले, "अशील सुटला नाही तरी चालेल, तू लवकर सुटून ये."

तारखेच्या दिवशी आम्ही तिघं एसटीने निघालो, कारण काकांनी स्कूटरचा मीटर काढून काकूंच्या कापडी पिशवीत घेतला होता. बसमध्ये ते ड्रायव्हरच्या अगदी मागे बसले. बसचा काटा मेलेला. मग काकांनी मनगटावरचं घड्याळ बघत किलोमीटरचे दगड मोजायला सुरुवात केली आणि दर दगडाला वेग जाहीर करू लागले. "त्रेपन्न! ... सत्तावन्न! ... एकसष्ट झाले ड्रायव्हरसाहेब, जरा बगा!"

ड्रायव्हरने आरशात पाहिलं. "ओ बाबा, तुमी चालवता का?"

"न्हाई, माझी आधीच केस चालू हाय."

अख्खी बस हसली. काकूंनी त्यांना दंडाला धरून मागच्या सीटवर नेलं.

कोर्टाची खोली लहान होती, पंखा मोठा होता. न्यायाधीशसाहेब तरुण, चष्मा पुसत बसायची सवय असलेले. समोर महामार्ग पोलिसांचे हवालदार, ज्यांनी त्या दिवशी वेग मोजायचं यंत्र धरलं होतं. धिप्पाड, घामाघूम, मनाने सज्जन वाटणारे. काकूंना मी मागच्या बाकावर बसवलं. आमचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी हातातले कागद पुन्हा लावून घेतले. त्या क्षणी मला पुढची तारीख मागावीशी वाटली. तेवढं एक वाक्य मला चांगलं येत होतं.

साहेबांनी आरोप वाचून दाखवला. "गुन्हा कबूल आहे का?"

"अकरा सोडून बाकी कबूल," काका म्हणाले.

साहेबांनी चष्मा घातला. "अकरा काय?"

"किलोमीटर, साहेब. एकोनऐंशीतनं अडुसष्ट गेले, अकरा ऱ्हायले. ते माझे न्हाईत."

"मग कोणाचे आहेत?"

"ते यांना इचारा," काकांनी हवालदारांकडे बोट केलं.

हवालदार खाकरले. "साहेब, मशिन जे दाखवतं ते आपन लिवतो. मशिन खोटं कशाला बोलंल?" आणि त्यांनी यंत्राच्या तपासणीचं प्रमाणपत्र पुढे केलं. ते आधी माझ्या हातात आलं. मी तारीख वाचली. पुन्हा वाचली.

"साहेब," मी उभी राहिले आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "या प्रमाणपत्राची मुदत घटनेच्या चार महिने आधी संपलेली आहे."

साहेबांनी कागद मागून घेतला, पाहिला, हवालदारांकडे पाहिलं. हवालदार रुमालाने मान पुसायला लागले. "मग यंत्राचा पुरावा धरता येणार नाही," साहेब म्हणाले. "तुमच्या अशिलाला सोडावं लागेल."

माझा पहिला खटला, आणि मी जिंकले होते! उड्या माराव्यात असं वाटत होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा कोट ओढला.

"सोडू नका, साहेब!" काका ओरडले.

मागच्या बाकांवर हशा उसळला. साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. "अहो, तुम्हाला सोडतायत!"

"म्हनूनच म्हनतोय. मी साठच्या वर गेल्तो. माझा काटा अडुसष्ट बोलला. आता कोर्टानं सांगितलं की हा मानूस गेलाच न्हाई, तर माझा काटा खोटा पडला का न्हाई? मी सुटंन, साहेब, पन काटा अडकंल."

"वकील," साहेब माझ्याकडे वळले, "तुमचं काय म्हणणं आहे?"

मी काकांकडे पाहिलं. भिंग कपाळावर, हात जोडलेले, आणि डोळ्यांत भीती. सुटका होईल याची भीती! बंद शटरमागचं ते स्टूल मला आठवलं. जिंकलेला खटला मी हातातून सोडला आणि म्हणाले, "साहेब, माझ्या अशिलाला गुन्हा कबूल करायचा आहे. ताशी अडुसष्टचा."

"पुरावा?"

"हा," काका म्हणाले आणि पिशवी टेबलावर ठेवली.

आतून स्कूटरचा मीटर निघाला. मग चाकाचे फेरे मीटरपर्यंत नेणारी एक लांब वायर. मग शिलाई मशिनची छोटी मोटर, लाकडी फळीवर ठोकलेली. "साहेब, ही मोटर मिनिटाला हजार फेरे घेती. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई. माझ्या स्कूटरच्या वायरला मिनिटाला हजार फेरे पडले म्हंजे गाडी बरोबर ताशी साठनं चाललीय. काटा साठावर उभा ऱ्हायला तर काटा खरा. फक्त एक प्लग पायजे."

साहेबांनी खूप वेळ विचार केला असं मला वाटलं. (सव्वीस सेकंद, काका नंतर म्हणाले.) मग शिपायाला खूण केली. शिपायाने कूलरचा प्लग काढला.

मोटर घुर्रर्र करत सुटली. काटा शून्यावरून उठला. वीस. चाळीस. त्याला आवडणाऱ्या चाळीसवर क्षणभर रेंगाळल्यासारखा वाटला. पन्नास. साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते. टंकलेखक मान ताणून बघत होता. पुढच्या खटल्याचे वादी आणि प्रतिवादी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून वाकले होते.

"साठ!" हवालदारच ओरडले. मग एकदम गप्प होऊन सावधान उभे राहिले.

काटा साठावर खिळल्यासारखा उभा होता. काकांनी मोटर बंद केली आणि त्यांचा चेहरा, कित्येक आठवड्यांनी, उजळलेला दिसला.

"काटा बरोबर आहे, हे झालं," साहेब खाली बसत म्हणाले. त्यांनाही आता या हिशेबाची गोडी लागली होती. "पण त्या दिवशी तो अडुसष्टवर होता, हे पाहिलं कोणी? तुमचं लक्ष रस्त्यावर असणार."

"रस्त्यावरच हुतं, साहेब," काका चाचरले. "मला एकदाच दिसला ..."

"मी बगितला!"

काकू उठून उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कुणी बोलवायच्या आत साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे निघाल्या. शपथ घेताना प्रत्येक शब्द त्यांनी शिपायापेक्षा मोठ्याने म्हटला.

"तुम्ही मागे बसला होतात?"

"व्हय. मिरजगावला माझ्या भनीकडं चाललो हुतो जेवायला. तिथं रस्ता कसा, सरळ सोट. पुढं दुधाचा टेम्पो हुता."

"मग?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"साहेब, माझ्या लग्नाला बेचाळीस वर्सं झाली. बेचाळीस वर्सं मी यांच्यामागं बसती. लोकं येत्यात, पुढं जात्यात. ट्रॅक्टर जातो, सायकल जाती. मी कदी कुनाला मागं ऱ्हायलेलं बगितलं न्हाई. त्या दिवशी मी म्हनले, अवो, आज एक तरी गाडी मागं टाका. एकच. माझी हौस म्हनून."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"हे काय बोलले न्हाईत. पन गाडीनं आवाज बदलला. मी यांच्या खांद्यावरनं काटा बगत हुते. पंचेचाळीस, पन्नास, साठ. पदर सुटला. टेम्पो जवळ आला, मंग बाजूला आला, मंग," आणि काकूंचे खांदे हलायला लागले, "मंग मागं गेला! काटा अडुसष्टला लागला आन यांनी लगेच मूठ सैल सोडली. मी मागं वळून त्या टेम्पोवाल्याला बाय केलं. तवाच मशिननं फोटो काढला आसंल. माझा हात वर हाय त्याच्यात."

आता त्यांना हसू आवरेना. पिंजऱ्याचा कठडा धरून त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. साहेबांनी चष्मा काढला आणि तो पुसायच्या निमित्ताने तोंड खाली केलं, पण त्यांचेही खांदे हलत होते. टंकलेखक हसत होता, वादी-प्रतिवादी हसत होते. मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. एकटे काका न हसता, लाल कानांनी, बायकोकडे बघत उभे होते. तसं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मीच पळवा म्हनले," काकूंनी डोळे पुसत शेवट केला. "मलाबी आरोपी करायचं तर करा."

"बसा, आजी," साहेब म्हणाले. मग त्यांनी गंभीर व्हायचा प्रयत्न केला. "हौस ठीक आहे. पण त्या वेगाला या वयात दोघं पडला असतात, तर टेम्पोवाला थांबून उचलायला आला असता का? पुन्हा साठच्या वर जायचं नाही."

"न्हाई साहेब," काका लगेच म्हणाले. "मुठीला सांगितलंय."

निकाल तिथल्या तिथे झाला. आरोपीने ताशी अडुसष्ट किलोमीटर वेगाने वाहन चालवल्याची कबुली दिली, ती कोर्टाने स्वीकारली, दंड केला. साहेब सांगत होते, टंकलेखक टाइप करत होता. काकांनी हात वर केला.

"साहेब, अडुसष्ट अक्षरीबी लिवा. आकड्यात कुनीबी खाडाखोड करतं."

साहेबांनी अक्षरीही लिहायला लावलं.

असा मी माझा पहिला खटला हरले. अशील दोषी ठरला, आणि त्याने निकालाची प्रत छातीशी धरून कोर्टासमोरच्या दुकानातून एक किलो पेढे घेतले. वजन त्याने स्वतः पाहिलं. शिपाई, टंकलेखक, पुढचे वादी आणि प्रतिवादी, कुणाला सोडलं नाही. "पेढे कशाचे?" विचारणाऱ्याला काका सांगत होते, "शिक्षा झाली!" काकूंनी निकालाचा फोटो काढला आणि मला गावाच्या ग्रुपवर टाकायला लावला. खाली काय लिहू, विचारलं, तर म्हणाल्या, "काय लिवू नको. वाचता येतं समद्यांना." संध्याकाळपर्यंत त्या दलालाने ग्रुप सोडला होता.

आम्ही फाटकाकडे निघालो तर हवालदार मागून आले. त्यांनी पेढा आधीच खाल्ला होता, तरी अवघडल्यासारखे उभे राहिले.

"काका, राग नका मानू. एक इचारू का? माझ्या गाडीचा काटा दोन वर्सं झाली, हलतच न्हाई."

काका थांबले. "दोन वर्सं? मंग तुमी किती वेगानं जाता, तुमाला कसं कळतं?"

"अंदाजानं," हवालदार म्हणाले. मी डोळे मिटून घेतले.

पण काकांनी तालुका विचारला नाही. निकालाची प्रत त्यांनी काकूंच्या हातात दिली, भिंग डोळ्यावर ओढलं आणि लिंबाखाली उभ्या असलेल्या हवालदारांच्या मोटारसायकलजवळ गुडघे टेकून बसले. पुढच्या चाकापाशी बोटं घातली. "तुटली न्हाई वायर. नुसती निसटलीय." पिशवीतून पान्हा काढला, दोनदा फिरवला, वर मीटरवर टिचकी मारली. सगळं मिळून चार मिनिटं, आणि तेवढा वेळ ते स्वतःशी काहीतरी गुणगुणत होते. "बसा. आवारात एक चक्कर मारून या. काटा बगत जा."

हवालदार निघाले. पिंपळाला वळसा, वकिलांच्या टेबलांमागून, झेरॉक्सच्या दुकानापुढून. लहान पोरासारखा आनंद झाला होता त्यांना. लांबूनच ओरडत आले, "काका! हलला! बावीस दाखवतोय, बावीस!"

काकांनी मान डोलावली. मग ते फाटकाजवळच्या खांबाकडे वळले. तिथे एक गंजका बोर्ड होता : 'न्यायालय आवार. वेग मर्यादा ताशी १०'. त्यांनी तो भिंगातून नीट वाचला.

"वकील," ते म्हणाले, "कागद काढा. तुमची दुसरी केस आली."